मले समजलं नाही

नागपूरच्या मे महिन्यात माणसाने कुठल्याही गटाचं अ‍ॅडमिन असू नये. पारा 45 च्या पुढे गेलेला, कूलरची मोटर दिवसाआड रुसलेली, आणि दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही म्हणून गावातले झाडून सगळे विद्वान वाळ्याच्या वासात मोबाइल धरून बसलेले. विद्वत्ता आहे, सवड आहे, उकाडा आहे. भांडणाला आणखी काय लागतं?

हे पद मी मागून घेतलं नव्हतं. करोनाच्या काळात जुन्या मराठी ग्रंथांचा नाद असलेल्या काही मंडळींनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक अभ्यासगट काढला. त्याचे मूळ अ‍ॅडमिन मुलाकडे कॅनडात गेले आणि ‘तुम्ही सगळ्यांशी गोड बोलता’ एवढ्या एका भांडवलावर किल्ल्या माझ्या पदरात टाकून गेले. गोड असणं हीच पात्रता असेल तर संत्रा बर्फीनेही हे काम केलं असतं. शिवाय तिला रात्री अकराला कुणी फोन केला नसता.

गटात आम्ही 87 जण. निवृत्त प्राध्यापक, पीएचडी करणारी मुलंमुली, महानुभाव पंथातले दोघे-तिघे अभ्यासक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ (यांचं वाचन आम्हा सगळ्या प्राध्यापकांपेक्षा जास्त आहे, पण ही गोष्ट गटात कुणी बोलत नाही), आणि एक दंतवैद्य. दंतवैद्य कसे आले ते कुणालाच ठाऊक नाही. ते प्रत्येक संदेशाला अंगठा दाखवतात. शके-सनावळीच्या वादात दोन्ही बाजूंना अंगठा दाखवणारे तेवढेच एक.

आणि सर. तसे गटात सगळेच सर आहेत, पण हे ‘सर’ आहेत. वय 79. जुन्या मराठीतला एखादा शब्द अडला की अर्धा विदर्भ त्यांना फोन करतो. त्यांचा संदेश कधी दोन ओळींच्या वर जात नाही, आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम असतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्णविराम देणारा माणूस म्हणजे चपला दाराबाहेर एका रेषेत काढून ठेवणारा माणूस. घरात आल्यावर तो काय काय जागेवर लावायला सांगेल याचा अंदाज तिथेच येतो.

गेल्या मे महिन्यात भंडारा जिल्ह्यातली एक मुलगी गटात आली. लीळाचरित्रावर काम करत होती. दोन आठवडे नुसती वाचत राहिली. मग एका दुपारी तिने लिहिलं: “लीळाचरित्र शके 1200 च्या सुमाराचं असं सगळे सांगतात. पण ते नेमकं कशावरून ठरवलं? पुस्तकं पाहिली, पण मले समजलं नाही.”

प्रश्न चांगला होता. इतका चांगला, की त्याचं उत्तर आपल्याला येतं असं मानून बसलेल्या आम्हा निम्म्या लोकांना ते येत नाही हे त्याच क्षणी उघड झालं. म्हणून सगळे गप्प. दंतवैद्यांचा अंगठा आला. मग वर ‘सर टाइप करत आहेत’ असं दिसू लागलं. ते बराच वेळ दिसत राहिलं. आम्ही सरसावून बसलो. आणि उत्तर आलं:

“‘मले’ नव्हे, ‘मला’.”

खाली अकरा अंगठे उमटले. संध्याकाळी सहा वाजता ती करडी, बारीक, कुणालाच काही न विचारणारी ओळ आली, की अमुक क्रमांक गटातून बाहेर पडला.

आता इथे नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे माणसामाणसांतलं सगळं अंतर दोन अक्षरांवर चालतं. एक ‘बे’ आणि दुसरं ‘जी’. ‘काय बे’ म्हटलं की माणूस आपला. ‘काय जी’ म्हटलं की माणूस आपला आणि वर मानाचा. भाजीवाली ‘घ्या जी बाई’ म्हणते, तिचा मुलगा मित्राला ‘काऊन बे’ म्हणतो, आणि या दोहोंमध्ये शहराचा सगळा शिष्टाचार सुखाने नांदतो. गंमत अशी की दोन्हींची खरी किंमत आवाजात असते. ‘बे’ म्हणताना खांद्यावर हात असतो, चहाच्या टपरीवरची जागा सरकवून दिलेली असते. तो हात काढून घेतला आणि नुसता ‘बे’ काचेवर टंकला तर ती शिवी होते. सरांच्या त्या दुरुस्तीचंही तेच झालं. हेच वाक्य त्यांनी वर्गात, चष्म्यावरून पाहत, ओठांच्या कोपऱ्यात हसत म्हटलं असतं तर मुलगी जीभ चावून हसली असती आणि पुढचा प्रश्न विचारून मोकळी झाली असती. पडद्यावर उरली ती फक्त अक्षरं, आणि खाली 87 जणांची सभा.

पूर्वी आम्ही काय कमी भांडत होतो? मला आठवतं, ऐंशीच्या दशकात माझ्या एका लेखावर असंच एक पंधरा पैशांचं पोस्टकार्ड आलं होतं. माझा एक निष्कर्ष त्यात पार सोलून काढला होता. पण वर ‘सा. न. वि. वि.’ होतं आणि खाली ‘लोभ असावा’. एकदा साष्टांग नमस्कार घालून बसल्यावर माणसाला लगेच उठून लाथ मारता येत नाही, मध्ये धोतर सावरावं लागतं. शिवाय कार्ड पेटीत टाकायला चौकापर्यंत जावं लागे, आणि नागपूरच्या उन्हात चौक गाठेपर्यंत निम्मा राग घामावाटे जाई. आमच्या गटातले महानुभाव अभ्यासक अजून ही रीत पाळतात. पंथाच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांचा प्रत्येक संदेश ‘दंडवत प्रणाम’ने सुरू होतो. ‘दंडवत प्रणाम. आपले हे विधान पूर्णतः निराधार आहे.’ वाचून राग येतो, पण तो राग आधी दंडवतावर येऊन अडखळतो.

बाकीच्यांचा मात्र आनंदीआनंद. पीएचडी झालेल्या पुरुषाला ‘डॉक्टरसाहेब’ आणि पीएचडी झालेल्या बाईला ‘ताई’. ताई म्हणण्यात माया आहे हे मला कळतं. पण माझ्या प्रबंधावर पाच वर्षं गेली, आणि ताई तर मी जन्मतःच होते.

असो. मुलगी निघून गेली आणि गट पेटला. तरुण मंडळी म्हणाली, हा बोलीचा अपमान आहे. ज्येष्ठ म्हणाले, प्रमाण मराठीचा आग्रह धरणं हा गुन्हा केव्हापासून झाला? कुणीतरी वऱ्हाडीत चार ओळींचा टोमणा मारला. कुणीतरी त्यातली वऱ्हाडीच अशुद्ध असल्याचं दाखवून दिलं. एकाने हिवाळी अधिवेशनाचा दाखला दिला, की तिकडे विधानभवनातसुद्धा आधी ‘सन्माननीय सदस्य’ म्हणतात आणि मगच धुतात. रात्री साडेअकराला मी ‘फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतील’ हे बटण दाबलं आणि झोपले. खरं म्हणजे झोप लागली नाही.

कारण मला त्यातला विनोद दिसत होता, आणि रात्री अडीचला एकटीने हसणं शोभत नाही.

विषय होता लीळाचरित्र. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा हा गद्य ग्रंथ म्हाइंभटांनी सिद्ध केला तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. आता मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालंय तेच हे गाव, मोर्शी तालुक्यातलं. चक्रधर स्वतः मूळचे गुजरातेतले, मराठी त्यांची जन्मभाषा नव्हे. ती त्यांनी चालत चालत, गावोगावच्या लोकांशी बोलत आपली केली. त्यांच्यामागे पंथाची धुरा आली नागदेवाचार्यांकडे. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात त्यांची एक आठवण आहे, ती मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाने वर्षातून एकदा तरी वर्गात सांगितलेली असते. केसोबास आणि दामोदरपंडित, दोघेही संस्कृतात मुरलेले, त्यांनी नागदेवांना संस्कृतमिश्रित भाषेत काही विचारलं. नागदेवांनी सांगितलं, की तुमचं ते मला उमगत नाही. मला स्वामींनी मराठीत समजावलं आहे, तुम्हीही त्याच भाषेत विचारा. पुढे केसोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हाही नागदेवांनी त्यांना थांबवलं. कारण काय, तर अशाने माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील.

आता पाहा. गुरू म्हणतो आहे, मला समजलं नाही. पंथप्रमुख, आचार्य, भर मंडळीत म्हणतो आहे. आणि कुणी त्याचं व्याकरण काढलं नाही. सातशे वर्षांनी त्याच ग्रंथपरंपरेवर बोलणाऱ्या गटात, त्याच विदर्भातली एक मुलगी तेच वाक्य म्हणते, फक्त एका मात्रेच्या फरकाने, आणि आम्ही अकरा अंगठे देऊन तिला दार दाखवतो. त्या अकरांपैकी निदान सहा जणांनी नागदेवांच्या मराठीप्रेमावर शोधनिबंध वाचले आहेत. एक तर मीच छापला आहे. (अंगठा माझा नव्हता. पण मी काही बोललेही नव्हते, तेव्हा हा कंस फारसा कामाचा नाही.)

त्याच मंडळींत महदाइसा होती. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव परीक्षेपुरतं पाठ करतो. पण पंथाच्या गोष्टींमध्ये ती भेटते ती सतत काहीतरी विचारणारी म्हातारी म्हणून. हे का, ते कसं, मग तेव्हा असं का म्हणालात. तिच्या या विचारण्याचं तिथे कौतुक होतं. आजच्या कुठल्याही चर्चासत्रात ती असती तर सूत्रसंचालकाने दुसऱ्या प्रश्नालाच ‘वेळेअभावी’ म्हणून तिचा माइक काढून घेतला असता, आणि मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना दिला असता, जे ‘मला प्रश्न नाही, फक्त दोन मुद्दे मांडायचे आहेत’ असं म्हणून वीस मिनिटं बोलतात.

आणि म्हाइंभट? हा सराळ्याचा पंडित चक्रधरांकडे आला तो वादात जिंकायच्या ईर्ष्येने, विद्येचा ताठा घेऊन. पुढे त्याच माणसाने ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या. एकाची आठवण एक सांगते, दुसऱ्याची दुसरी. लीळाचरित्राच्या परंपरेने अशा वेळी एकाला खोटं पाडलं नाही. कुणाचं म्हणणं वेगळं आहे ते तिथेच नोंदवून ठेवलं. हिराइसा नावाच्या एका बाईच्या नावाने तर ग्रंथाचा एक स्वतंत्र पाठच ओळखला जातो. वेगळं सांगणाऱ्याला ओळीत जागा करून देणं याला आमच्या गटात काय म्हणतात? ‘विषयांतर’.

अर्थात पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद केले, आणि बाहेरच्यांना ते कित्येक शतकं वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली. नंतर ह. ना. नेने यांचं संपादन आलं, मग नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी 1978 साली लीळाचरित्राची संपादित आवृत्ती दिली, तेव्हा कुठे तुम्हाआम्हाला हे पान सरळ वाचता आलं. म्हाताऱ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहिलेला ग्रंथ गुप्त लिपीत गेला, तो काही कुणाच्या दुष्टपणाने नव्हे. ज्यांनी कुलूप लावलं त्यांना आपलं माणूस, आपलं पुस्तक जपायचं होतं. रात्री अडीचला मला त्यांचं मन नीट कळलं, कारण मीही नुकतंच एक कुलूप लावून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी नियमावली लिहायला घेतली. अकरा कलमं. परस्परांचा आदर राखावा, नवागतांचं स्वागत करावं, भाषेवरून कुणास हिणवू नये, वगैरे. नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, “हे वाचून मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये असल्यासारखं वाटतंय.” तरी चिकाटीने गटावर टाकली. गट बंद होता, म्हणून सरांनी खासगीत लिहिलं: “कलम 4 मध्ये ‘आर्शिवाद’ असे पडले आहे. ‘आशीर्वाद’ हवे.” कलम 4 हे दुरुस्त्या सौम्यपणे करण्याबद्दलचं होतं.

चौथ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. संध्याकाळी सातलासुद्धा रस्ता तव्यासारखा होता. वहिनींनी कैरीचं पन्हं दिलं. मी मुद्द्यावर यायला तयार होईना, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, “त्या मुलीचं ना? मॅडम, यांनी लग्नात माझा उखाणा दुरुस्त केला होता. पंगत थांबवून.”

“एक मात्रा जास्त होती,” सर म्हणाले.

“बावन्न वर्षं झाली,” वहिनी म्हणाल्या, “अजून जास्तच आहे.”

मी सरांना सांगितलं, की मुलगी गटातून गेली. त्यांना ते माहीतच नव्हतं. ती करडी ओळ अ‍ॅडमिनलाच दिसते. ते खरंच चकित झाले. “गेली? पण मी तर उत्तर लिहितोय.”

आणि त्यांनी टेबलाच्या खणातून चार फुलस्केप कागद काढले. काळी शाई, डावीकडे समास, प्रत्येक पानाला क्रमांक. चक्रधरांचं उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून जाणं, त्यानंतर मंडळी रिद्धपुरी त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात जमणं, आठवणी कधी गोळा झाल्या असाव्यात, कोणाचं मत काय, कोणाशी सर सहमत नाहीत आणि का. ज्या प्रश्नाचं उत्तर 87 जणांत कुणी दिलं नव्हतं, त्यावर हा माणूस तीन दिवस, पंखा बंद करून (कागद उडतात म्हणून) लिहीत बसला होता. वर तिचं नाव होतं आणि ‘चि.’ लावलेलं होतं. सरांच्या लेखी ‘मले’ची दुरुस्ती हा नुसता उंबरठा होता, खरं उत्तर घरात तयार होत होतं.

“मग हे गटावर का नाही टाकलंत?”

सरांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि उजव्या हाताची तर्जनी कळफलकावर नेली. ती तिथे घारीसारखी घिरट्या घालत राहिली. म सापडला. काना सापडायला पन्ह्याचा अर्धा पेला लागला. “ते तेवढं वाक्य लिहायला मला दहा मिनिटं लागली होती,” ते म्हणाले. “चार पानं कधी व्हायची? म्हटलं, आधी जे छोटं आहे ते सांगून टाकू.”

मी त्या बोटाकडे पाहत राहिले. गटातल्या किती भांडणांचं मूळ या बोटात असेल? माणसाकडे चार पानं असतात आणि बोटाला एक ओळ जमते. मग जी ओळ जमते ती नेमकी चूक काढणारी असते, कारण चूक नेहमी छोटी असते.

“आणि एक विचारू?” सर खालच्या आवाजात म्हणाले. वहिनी आत गेल्या आहेत याची खात्री करून घेतली. “यात ळ कुठे असतो हो?”

तेव्हा मला उलगडा झाला. गेली दोन वर्षं सर लीळाचरित्राला ‘प्रस्तुत ग्रंथ’ म्हणत होते. आम्ही ते विद्वत्तेचं लक्षण समजत होतो. दोघा विद्यार्थ्यांनी तर आपल्या प्रबंधातसुद्धा ‘प्रस्तुत ग्रंथ’ लिहायला सुरुवात केली होती. मी त्यांना दाखवलं, की ल वर बोट दाबून धरलं की ळ वर येतो. त्यांनी धरलं. ळ आला. त्यांनी तो एकट्यानेच चारदा लिहिला, ळळळळ, आणि पुसून टाकला.

मी चारही पानांचे फोटो काढले आणि घरी येऊन त्या मुलीला खासगीत पाठवले. वर एवढंच लिहिलं, की सरांनी तुझ्यासाठी लिहिलंय, गटात परत यायचं की नाही ते तुझं तू ठरव, खाली दुवा देत आहे. रात्री तिचा निरोप आला. चार पानं तिने तीनदा वाचली होती. आजीला पण वाचून दाखवली होती. त्यांच्या झाडीबोलीत ळ चा र होतो, म्हणून आजी मधूनमधून “हे लीराचरित्र का व बाई?” असं विचारत होती, आणि ती हो म्हणत होती. तिने हसण्याचं चित्र टाकलं होतं. सरांच्या ळ ची गोष्ट मी तिला सांगितली नाही. ती माझ्याजवळच ठेवली.

सकाळी मी गटाचं कुलूप काढलं. नऊच्या सुमाराला ती दुव्यावरून परत आली. कुणी काही बोललं नाही. महानुभाव अभ्यासकांपैकी एकाने तेवढं ‘दंडवत प्रणाम’ लिहिलं, तेही कुणाला उद्देशून ते न सांगता. मग तिने सरांच्या दुसऱ्या पानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं:

“सर, खूप आभार. आता समजलं. फक्त पान 2 वर शके 1200 म्हणजे इ. स. 1287 असं पडलं आहे. 78 मिळवले तर 1278 पायजे ना?”

मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. 1278 च. सरांच्या हातून दोन आकडे उलटसुलट झाले होते. आणि ते भर गटात, ‘पायजे’सकट.

‘सर टाइप करत आहेत.’

कुणीच काही लिहिना. दंतवैद्यांचा अंगठासुद्धा आला नाही. सात मिनिटं झाली, आठ झाली. तर्री पोह्यावर गोठू लागली. मला ती तर्जनी दिसत होती, चष्मा कपाळावर गेलेला दिसत होता. ‘पायजे’मधला ‘य’ त्यांना किती खुपत असेल याचा हिशेब मी करत होते.

मग उत्तर आलं. गेल्या दोन वर्षांत सरांनी गटात बोलीतला एक शब्द लिहिला नव्हता.

“हो जी.”

पूर्णविराम होता.